आमच्या गल्लीचा कीचक

सकाळी आमच्या घरात सगळ्यांना एकाच वेळी घाई असते आणि ती सगळी मिळून माझ्या अंगावर येते. त्या दिवशी एका शेगडीवर दूध होतं, दुसरीवर आमच्या आचलच्या शाळेच्या डब्याची भाजी, आणि आमचे हे नळ आला का याची चौकशी अंथरुणातूनच करत होते. लाइट गेलेली, म्हणजे बेल बंद. तेवढ्यात दारावर दोन थापा पडल्या. कडी हलली, वरचं कॅलेंडर तिरकं झालं. एवढा मोठा हात आमच्या गल्लीत एकाचाच.

दार उघडलं तर खुशालभाऊ चक्कीवाले. पापण्यांपर्यंत पिठानं पांढरे. हातात माझा ज्वारीचा डबा नाही, म्हणजे काम दुसरंच. मी यांना हाक मारणार, तर ते म्हणाले की काम तुमच्याशीच आहे वैनी. मग चौकटीला धरून, गाविलगड चढावा तशी आमची एकुलती एक पायरी चढले.

खुशालभाऊंना राजापेठेतली आमची अख्खी गल्ली कीचक म्हणते. त्यांना राग येत नाही. एखाद्याला डॉक्टर म्हणावं तसं ते ऐकून घेतात.

याला कारण आमचं मंडळ. गणपतीत आमच्याकडे सजीव देखावा असतो आणि तो दरवर्षी कीचकवधाचाच असतो. विराट राजाचा हा मेहुणा. द्रौपदीवर डोळा ठेवला म्हणून भीम अंधारात लुगडं नेसून बसला, त्यानं याला ठार केलं आणि प्रेत चिखलदऱ्याच्या दरीत लोटून दिलं, असं आमच्या भागात सांगतात. महाभारतात कुणाला सिंहासन मिळालं, कुणाला गीता मिळाली. वऱ्हाडाच्या वाट्याला प्रेत आलं. पण वाट्याला आलेलं सोडायचं कशाला, म्हणून आम्ही ते दरवर्षी थाटात साजरं करतो.

देखाव्याची संहिता मी लिहिते. मी अकोल्याहून मराठी घेऊन बीए केलंय, एवढं मंडळाला पुरतं. भीमाचं लुगडं म्हणून जाते ती मरून साडीही माझीच. माझे संवाद मंडळ सूचना म्हणून घेतं. कंसात लिहिलेलं मात्र तंतोतंत पाळतं, कारण कंसातलं प्रत्येक काम कुणाच्या तरी नावावर लागतं आणि मग चुकलं तर त्याला सगळे मिळून बोलतात. एका वर्षी मी कंसात ‘धूर’ लिहिलं, तर गल्ली दोन दिवस खोकत होती. ‘अंधार’ लिहिलं तेव्हा पोरांनी समोरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन लोकांना घरातले दिवे घालवायला लावले.

जुन्या काळी वीर व्हायचं तर आईबापांपैकी एक देव असावा लागे. भीमाला वायुदेव होते, कर्णाला सूर्य होता. इतरांनी कितीही दंड-बैठका काढल्या तरी त्यांची नावं ‘आणि असंख्य योद्धे’ यातच जायची. आमच्या मंडळानं ही परंपरा निष्ठेनं सांभाळली आहे. ज्याचे वडील, काका किंवा सासरे त्या वर्षीच्या मंडपाचा खर्च उचलतात, तो भीम. आजवर नगरसेवकाचा पुतण्या भीम झाला, सराफाचा जावई झाला. हल्ली गजेंद्र आहे. त्याच्या वडिलांचे ट्यूशन क्लासेस आहेत, म्हणजे धंदा तसा वायुदेवाचाच. गजेंद्रचे दंड जिममधले आहेत आणि संवाद कुणाचेच नाहीत. भीम बोलत नसे, करून दाखवत असे, हे त्यानं मलाच समजावून सांगितलं.

कीचक व्हायला मात्र कुणाचे वडील पुढे येत नाहीत. त्यामुळे भीम बदलत गेले आणि कीचक टिकला. मी या गल्लीत सून म्हणून आले, त्या पहिल्या गणपतीत खुशालभाऊंना मरताना पाहिलं, ते अजून पाहतेय. दिवसा पिठानं पांढरे, संध्याकाळी काजळानं काळे.

आमची दरी म्हणजे स्टेजच्या मागची, भिंतीपर्यंतची पुरुषभर खोल फट. तिच्यात घराघरांतून आणलेल्या गाद्या टाकतात. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी प्रमुख पाहुणे आले आणि त्यांच्याबरोबर न बोलावलेली पंचवीस-तीस माणसं आली. त्यांना बसवायचं कुठं? पोरांनी दरीतल्या गाद्या ओढून पुढे अंथरल्या. कीचकाला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मरणाऱ्या माणसाला काय कळवायचं.

गजेंद्रनं दोन्ही हातांनी लोटलं. खालून धप्प असा आवाज आला आणि मग “माय वं, मेलो” असं ऐकू आलं. हे वाक्य माझं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गादीवर मांडी घालून बसलेले पाहुणे भाषणात म्हणाले की इतकं जिवंत मरण त्यांनी पाहिलं नाही. उत्कृष्ट अभिनयाचा चषक भीमाला मिळाला. खुशालभाऊ सापडले ते नंतर, पोरं लाइटची वायर गुंडाळायला मागे गेली तेव्हा.

कमरेला मार लागला. दोन महिने चक्कीवर पोती त्यांच्या बायकोनं, कौशल्यावहिनींनी उचलली. मंडळ हळहळलं, आणि हळहळून त्यांनी खुशालभाऊंना बढती दिली. परवाच आमच्या पुढच्या खोलीत मिटिंग झाली. चहा माझ्याकडे होता, म्हणून सगळं ऐकलं. यंदा शेवटी शरपंजरी भीष्म दाखवायचा आणि तो खुशालभाऊंनी करायचा. पडण्याचं काम नाही, आधीच पडलेला. कीचक थर्माकोलचा करायचा. तो लांब फेकता येईल, असं गजेंद्रचं मत पडलं. आमचे हे सेक्रेटरी. त्यांनी ठराव असा वाचला, की जणू राष्ट्रपती भवनातून फोन आलाय. भीष्म म्हणजे प्रत्यक्ष गंगेचा मुलगा. उभ्या आयुष्यात खुशालभाऊंची देवाघरी सोय झाली नव्हती, ती मंडळानं एका ठरावात केली.

कौशल्यावहिनी खूश होत्या. चक्कीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी सांगितलं की यंदा आमचे हे चांगल्या माणसांत आहेत. मला वाटलं, खुशालभाऊ आभार मानायला आले.

सोफ्याला पीठ लागेल म्हणून ते स्टुलावर बसले. मी चहा ठेवला. लाइटीबद्दल बोलून झालं, यंदाची ज्वारी ओलसर आहे हेही झालं. मग बशीत बघत त्यांनी विचारलं,

“वैनी, थो भीष्म काई बोलते का?”

मी म्हटलं, मुळात पुष्कळ बोलतो, पण आपल्याकडे वेळ कमी आहे, एकदा कण्हायचं फक्त.

“अन् दाढी?”

“छातीपर्यंत.”

“मंग मले वळखन कोण?”

मी बीएच्या आवाजात सांगितलं की केवढा मोठा वीर आहे, इच्छामरणी, आई साक्षात नदी. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, “असन जी. पण पोट्टे डबा घेऊन येतेत, ते कोणाले पाहाले येतेत?”

मग त्यांनी सांगितलं ते मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून नव्हतं. पोरं डबा ठेवतात, लांब उभी राहतात आणि म्हणतात, कीचककाका, एकदा हसा. खुशालभाऊ चक्की बंद करून हसतात. पोरं पळतात, आणि डबा राहिला म्हणून परत येतात. दिवाळीत पुण्याचा एक इंजिनियर बायकोला घेऊन आला होता. लहानपणी मी यांना भ्यायचो, असं त्यानं तिला सांगितलं आणि पाया पडला. खुशालभाऊंनी हे चषक दाखवावा तसं सांगितलं. त्यांच्याकडे दुसरा चषक नाही.

मी म्हटलं, पण कमरेचं काय? पुन्हा पडलात तर?

“पडाले मी भेत नाई. इतके साल पडूनच राहिलो ना.”

यांच्या कानावर घालते म्हटलं, तर ते घाईनं नको म्हणाले. “भाऊ मिटिंग घेतीन.”

आतून आमच्या यांनी नळ आला का म्हणून पुन्हा विचारलं. खुशालभाऊ कप विसळायला उठू लागले, मी बसवलं. त्यांनी हाताचं पीठ पँटीला पुसलं.

“तुमी लिवता ना कंसात, कीचक दरीत पडते म्हणून,” ते म्हणाले, “यंदाबी मलेच पाडा. फक्त त्याच कंसात लिवून द्या, का खाली गादी आहे.”