तिला कळल्याबिगर

अजिंठ्याच्या पायथ्याशी रंगीत दगड विकणारा तो माणूस पर्यटकांशी बोलून बोलून जपानी शिकलेला. बोलताना डोळे मिटून घेतो. भारतात बंदी असलेला सॅटेलाइट फोन जवळ सापडला म्हणून संभाजीनगरात एका जपानी बाईला अटक झाली. मी तिची वकील. दुभाषा म्हणून मी त्यालाच बोलावलं.

ठाण्यात मराठी पंचनामा तिच्या सहीसाठी तयार होता. त्यानं कागदावर हात ठेवला. "साहेब, तिला कळल्याबिगर सही नाय."

मग एकेक ओळ त्यानं जपानीत सांगितली. 'फोन लपवलेला होता' हे ऐकताच ती ताडकन उठली. तिनं तो स्वतःच काढून दाखवला होता! फौजदारांनी तिचं सामान तपासणाऱ्या शिपायाला विचारलं. खरंच होतं. ओळ बदलली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला.

कोर्टाबाहेर ती त्याच्यापुढे कमरेत वाकली, तर हा तिच्याहून खाली वाकला. काळा कोट घालून मी नुसती बघत राहिले.