कुटाराशेजारची खोली

मी रडणाऱ्यातली बाई नाही. लहानपणी झाडावरून पडले, हात मोडला, तेव्हाही रडले नाही. लग्न होऊन कारंजाहून मेडशीला निघाले तेव्हा आई, मावश्या, शेजारणी सगळ्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मी गाडीत बसून विचारत होते की पाण्याची बाटली कुणी घेतली का. म्हणून पुढं जे झालं त्याचा मला जरा जास्तच राग आला.

लग्न उन्हाळ्यातलं. सासरचं घर लहान, पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागं नवीन बांधलेली टिनाच्या छपराची खोली. ती मागची आम्हा दोघांना मिळाली. आत्यानं, म्हणजे माझ्या सासूनं, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात, तिनं स्वतः उभं राहून खोलीला चुना मारून घेतला होता. त्या खोलीत छातीइतकी एक अर्धी भिंत होती आणि तिच्यापलीकडं रिकामी जागा. मला वाटलं, पेट्या ठेवायला केली असेल. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं, थ्रेशर येऊन गेलं, आणि त्या जागेत वरपर्यंत कुटार भरलं. कुटार म्हणजे मळणी झाल्यावर उरलेला शेंगांचा, काड्यांचा भुसा, आमच्या बैलांचा आणि गाईचा वर्षभराचा चारा. गोठ्याचं छप्पर गळत होतं आणि उघड्यावर ठेवलं तर दवानं काळं पडतं, मग दुसरी जागा तरी कुठली? आमच्या उशा त्याच भिंतीला लागून होत्या.

आधी नुसती खाज सुटली. मग सकाळी पापण्या चिकटायला लागल्या, डोळे लालभडक, आणि पाणी तर थांबेचना. चोळलं की बरं वाटायचं म्हणून चोळायची, आणि चोळून चोळून आणखी सुजायचे. चुलीपुढं बसलं की विचारूच नका.

हापशीवर गेले की बायका एकदम गप्प व्हायच्या. एक दिवस शेजारची काकू जवळ येऊन हळूच म्हणाली, "सासू काही बोलली काय वं?"

"नाही हो काकू, डोळे खाजून राह्यले."

"हौ, हौ. असंच सांगा लागते, बाई."

घ्या आता! हिला काय सांगायचं? कुणी गुलाबपाणी टाक म्हणे, कुणी मध टाक म्हणे, कुणी काजळ घाल म्हणे. आमच्या यांनी जवळच्या मालेगावच्या मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली. थेंब टाकले की दोन दिवस डोळे असे स्वच्छ, की वाटावं काही झालंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसरी बाटली, मग आणखी एक.

आत्याचा जीव टांगणीला लागला होता. तिला आयुष्यात कुणी वाईट म्हटलेलं नाही, आणि आता अख्खी गल्ली म्हणत होती की सुनेला छळते. एका दुपारी तिनं मला समोर बसवलं.

"तुले आमच्या घरी करमत नाही काय? सांगून टाक मले."

"आत्या, मी रडत नाही हो!"

"मंग हे काय हाय?" ती माझ्या डोळ्यांकडं बोट दाखवून म्हणाली. तेव्हाही गालावरून पाणी चाललं होतं.

त्या दिवसापासून तिनं मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. "धुरात नको बसू, खोलीत जाऊन पड, दार लावून घे." किती मायेनं सांगायची! आणि मी दिवसभर दार लावून त्या भिंतीशी डोकं करून पडायची. डोळे असे झाले की उघडवेनात.

बातमी कारंजाला पोचायला काय वेळ लागतो? आई एसटीनं आली, माझं तोंड पाहिलं, आत्याशी एक शब्द न बोलता मला घेऊन गेली. आत्या दारात उभी होती. तिनं मला अडवलं नाही, फक्त पिशवीत भाकरी बांधून दिली.

आणि माहेरी आठवडाभरात माझे डोळे बरे झाले. हीच तर पंचाईत! आई सगळ्यांना सांगत सुटली, "पाह्यलं? सासर सुटलं अन् पोरीचे डोळे सुकले. आता मी नाही पाठवत." माझा नवरा मला आवडत होता, आत्या आवडत होती, मला माझ्या घरी जायचं होतं, पण माझे बरे झालेले डोळेच माझ्या घराविरुद्ध साक्ष देत होते. मी ओरडले, भांडले, जेवले नाही. शेवटी म्हटलं, एकदा डॉक्टरला तर दाखव.

डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटी करून पाहिली. मेडिकलचे थेंब दाखवले तर चिडल्या, "हे असे मनानं टाकत राहिलात ना, तर डोळा जाईल." मग विचारलं, झोपता कुठे? खोलीत काय काय आहे? मी सांगत गेले, टिन, खिडकी, अर्धी भिंत, कुटार. कुटारापाशी त्यांनी मला थांबवलं. "रडत नाही तुम्ही. ही ॲलर्जी आहे. त्या धुळीत झोपू नका, धुरापासून लांब राहा, आणि डोळे चोळायचे नाहीत." मी आईकडं पाहिलं. आई भिंतीकडं पाहत होती.

रात्री यांना फोन करून सांगितलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बैलं काय खातीन?"

"बैलांशीच संसार करा मंग!" म्हणून मी फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी यांचा फोन आला, "ये." आई सोबत आली, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. अंगणात फळ्यांवर कुटाराचा ढीग होता, वर ताडपत्री, कडेनं दगड. मागची खोली रिकामी, धुतलेली, फरशी अजून ओली. आणि ओट्यावर आत्या बसलेली. हे शेतावर गेलेले, तिनं कुणाची वाट पाहिली नव्हती. टोपल्या भरभरून सगळं कुटार एकटीनं बाहेर काढलं होतं. केसांत भुसा, डोळे सुजलेले, लालभडक, पाणी वाहतंय.

शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "माय वं! सून आली अन् सासूच रडून राह्यली!"

आईनं आत्याच्या डोळ्यांकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. आत्याच्या शेजारी बसून तिनं पदर भिजवला आणि तिचे डोळे पुसायला लागली.

आणि मी, मी चक्क उभ्या उभ्या हमसून हमसून रडायला लागले.

आत्या घाबरून उठली. "आता काहून रडून राह्यली वं?" ती म्हणाली. "आता तं कुटार बी नाही!"