जहाजाआधीची विहीर

माय जाऊन वर्ष होत आलं. तिची पेटी मी या आठवड्यात उघडली. तळाशी, लुगड्याच्या घडीत, जहाजाचं ते रंगीत पत्रक अजून होतं.

पांढरं, कितीतरी मजली जहाज. सिंगापूरहून फिरणारं, खास आशियातल्या प्रवाशांसाठी बांधलेलं. धाकटा भाऊ कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर स्वयंपाक शिकला, पुढे औरंगाबादच्या हॉटेलात गेला आणि नव्वदचं दशक सरता सरता या जहाजाच्या भारतीय स्वयंपाकघरासाठी निवडला गेला. चिनी, मलायी, आपले गुजराती, प्रत्येकाचं जेवण तिथं वेगळं शिजायचं. पत्रकातल्या जहाजाच्या गच्चीवर पोहायचा तलाव होता. माय म्हणाली होती, "खाली येवढा समिंदर, अन् वर हौद काहून बांधला बाई?"

आम्ही हसलो. भाऊ हसला नाही. जहाजावर जाण्याआधी मुंबईच्या प्रशिक्षणात तरंगायचं जाकीट घालून उंचावरून खोल पाण्यात उडी मारायची होती. जो मारणार नाही त्याला घरी पाठवणार. हे त्यानं फक्त मला आणि काकांना सांगितलं. मायला सांगायची सोय नव्हती. विहिरीत पडलेलं कोकरू काढायला उतरलेले आमचे वडील परत वर आले नव्हते. तेव्हापासून तिनं विहिरीच्या काठावर बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या. आम्हा दोघांना तिकडे फिरकायचीही बंदी होती.

माय मेंढरं घेऊन लांब गेली त्या दुपारी भावानं आणि काकांनी काटे बाजूला ओढले. काकांनी त्याच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला, कमरेला दोर. भाऊ काठावर उभा राहिला. पाणी काळं होतं आणि खूप खाली.

"जहाजावर चालला, अन् हिरीला भेऊन राहिला!" काका म्हणाले. "त्या चिन्यायले काठावरूनच भजे वाढशील का?"

"काका, थोडं थांबा नं."

"मी थांबतो रे. जहाज थांबंल का?"

मला धनगरी काठीचा ओळखीचा ठोका ऐकू आला. मागे माय उभी होती. तिला कुणी सांगितलं ते आजवर कळलं नाही. ओढलेल्या काट्यांकडे तिनं पाहिलं, मग भावाकडे. आता ती त्याचा हात धरून त्याला घरी नेणार आणि नोकरी इथंच संपणार, असं मला वाटलं.

"वैनी, मीच म्हणलं त्याला," काका पुटपुटले.

भावाच्या कमरेची गाठ तिनं सोडली आणि दुसरी घातली.

"तिथं उडी मारल्याबिगर घेत न्हाईत?"

"न्हाई घेत, माय."

"अन् तुला जायाचंच हाय?"

"व्हय."

तिनं काकांच्या हातातला दोर घेतला, स्वतःच्या कमरेभोवती फिरवला आणि दगडाला पाय रोवून उभी राहिली. "मार."

त्याला जमेना. त्यानं दोनदा गुडघे वाकवले आणि दोनदा मागे सरकला.

लोकर कातरण्याआधी आम्ही मेंढरं ओढ्याच्या डोहात धुतो. मेंढरू आपणहून पाण्यात उतरत नाही. पुढचं एखादं ढकलावं लागतं, मग बाकीची जातात. मायनं हे जन्मभर केलं होतं. तिनं एक हात सोडला आणि त्याच्या पाठीवर तसाच टेकवला, भोपळ्याच्या खाली.

पाणी फुटल्याचा आवाज झाला. दोर ताणला गेला, माय पुढे ओढली गेली, काकांनी तिला मागून धरलं. खाली भाऊ दिसत नव्हता. मी मायचा चेहरा पाहत होते. तिनं डोळे मिटलेले नव्हते. विहिरीत ती वडिलांनंतर पहिल्यांदाच बघत होती.

भोपळा वर आला, मग डोकं. तो खोकत होता.

"वर ये," माय म्हणाली. "अन् आता तुझ्या मनानं मार."

उन्हं उतरेपर्यंत तो उड्या मारत राहिला. मायचे तळवे सोलून निघाले. मी हळद लावायला गेले तर तिनं हात मागे घेतले.

जहाजावर चढायच्या आधी त्यानं सिंगापूरहून आमच्या गावाजवळच्या गोरेगावच्या एसटीडी बूथवर फोन केला. अख्खं गोरेगाव मावेल एवढं जहाज आहे म्हणाला. मायनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"मुंबईला मारली का उडी?"

"मारली, माय. पहिल्याच खेपेला."

"दोर कोणी धरला होता?"

"तिथं कोणी धरत न्हाई, माय."

तिनं रिसीव्हर माझ्याकडे दिला. घरी आल्यावर हातातली पिशवीही न ठेवता ती विहिरीकडे गेली आणि त्या दुपारपासून बाजूला पडलेले काटे एकेक करून परत काठावर ओढू लागली.