मास्तरांची दोन सीटांची गाडी

आमच्या यजमानांना सगळा रस्ता मास्तर म्हणायचा. शाळेतले मास्तर नव्हेत, शिवणाचे. कोट शिवायचे. खाली दुकान, वर आमच्या खोल्या. मीही इथे मास्तरच लिहिते. ‘हे’ म्हणाले, ‘हे’ गेले असं लिहीत बसले तर वाचणाऱ्याला कळायचं नाही की कोण हे.

पन्नाशीपर्यंत ते सायकलवरून कोट पोचवायचे. मग गुडघे बोलायला लागले. मीच म्हटलं, एखादी जुनी व्हॅन बघा. मागे कोट टांगता येतील आणि कधीमधी आपणही बसू. व्हॅन बघायला म्हणून सकाळी गेले आणि दुपारी ही गाडी घेऊन आले. पिवळी, बुटकी, वर कापडाचं टप. एका दातांच्या डॉक्टरने हौसेने घेतलेली होती. त्याची पाठ धरली, तशी त्याला ती नकोशी झाली. व्हॅनपेक्षा स्वस्त पडली म्हणे. पडणारच. घेणारं दुसरं कोण होतं?

मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “अहो, हिची मागची सीट कुठाय?”

“नाहीये.”

“म्हणजे काढून टाकली?”

“मुळातच नाहीये. दोन सीटांचीच असते ती.”

“आणि आपण माणसं पाच!”

“पाचजण एका वेळी कधी कुठे गेलोय का आपण?”

हे मात्र खरं होतं. वरच्या खिडकीतून सासूबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, ही गाडी आहे का चप्पल?”

पण मास्तरांना ती अंगाबरोबर बसली. जन्मभर मांडी घालून खाली बसून काजं-बटणं केलेली. बाकीच्या लोकांना त्या गाडीत उतरायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं, मास्तर मात्र सहज बसायचे. टप दोन जागी फाटलेलं होतं. त्याला त्यांनी कोटाच्या उरलेल्या कापडाची ठिगळं लावली, एक निळं आणि एक करडं, बारीक टाक्यांची. आतून अस्तरसुद्धा लावलं. गाडी दुरुस्त करणारा दर वेळी कपाळावर हात मारायचा. “मास्तर, ही रविवारी मिरवायची गाडी आहे. तुम्ही हिला सोमवार ते शनिवार राबवताय.” मास्तर म्हणायचे, “मग काय झालं? रविवारी तिला सुट्टी देतो.”

आणि खरंच राबवली. दोन्ही मुलं एकामागून एक शाळेत जायची. धाकटी पहिली, कारण तिला उशीर सोसायचा नाही. मी बाजारातून आले की बटाट्याची पिशवी मांडीवर, भाजीची पायात आणि अंडी हातात. गाडी खड्ड्यातून गेली की आधी अंड्यांचा जीव जायचा, मग माझा. तयार कोट मास्तर कधी घडी घालून न्यायचे नाहीत. इस्त्री मोडते. दुकानातला लाकडी पुतळा, बिनडोक्याचा, त्याला कोट चढवायचा आणि बाजूच्या सीटवर पट्टा लावून बसवायचा. बेकरीवाली मला म्हणाली, “मास्तरांच्या शेजारी रोज कोणीतरी साहेब बसलेले असतात. रोज नवा कोट!” मी म्हटलं, “माझी सवत आहे ती. डोकं नाहीये, म्हणून जमतं तिचं यांच्याशी.”

अशी तीन-चार वर्षं गेली. आता मावशींचं सांगते. म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं.

दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं धाकटीने केलं. आमच्या सासूबाईंच्या मागे तेव्हा सासरचं आजारपण, त्यांना जाता आलं नाही. त्या पोचल्या ते शेवटच्या दिवशी. सगळ्यांच्या देखत धाकटी म्हणाली, “ताई, पाहुणी म्हणून आलीस, पाहुण्यासारखीच जा.” सासूबाई म्हणाल्या, “जाते. पुन्हा तुझ्या उंबऱ्याला पाय लावला तर नावाची नाही.” धाकटी म्हणाली, “मीसुद्धा तुझ्या लावायची नाही.” झालं. दोघींची तोंडं एकाच आईच्या पोटातून आलेली, आधी कोण उघडणार?

मग एका शुक्रवारी दुकानात फोन आला. मावशींची सून बोलत होती. सोमवारी मावशींच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, रविवारी रात्री दाखल व्हायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वयाच्या मानाने अवघड आहे, ज्यांना भेटायचंय त्यांना भेटून घ्या. “त्या स्वतः बोलवायच्या नाहीत,” सून म्हणाली. “पण झोपेत ताई ताई करतात. मी फोन केला हे सांगू नका, नाहीतर ऑपरेशनच्या आधी माझाच जीव घेतील.”

मास्तरांनी जेवताना आईला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “बरं.” चार घास खाल्ले. मग म्हणाल्या, “भाजी खारट झालीये.” मी चाखून बघितली. खारट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कापड बेतत होते, तेव्हा सासूबाई जिना उतरून दुकानात आल्या. गुडघ्यांमुळे त्या महिना महिना खाली यायच्या नाहीत.

“अरे, तुझी ती चप्पल तिच्या गावापर्यंत जाते का?”

“दीड तासात जाते. पण तुला बसवणार नाही, आई. भाड्याची गाडी बोलावतो, चांगली मोठी.”

“भाड्याची नको. ड्रायव्हर कान देऊन ऐकतात. आणि हे बघ, मी उतरणार नाहीये. तिच्या घरावरून नुसती ने. दार उघडं आहे का, माणसं हिंडताफिरताना दिसतात का, एवढं बघायचं आणि परत यायचं.”

त्या गाडीची सीट म्हणजे खोल तसराळं आणि वर गुळगुळीत चामडं. सासूबाई वळणावर घसरून पार खाली पोचल्या असत्या. म्हणून मास्तरांनी त्याच दुपारी त्यांच्यासाठी गादी शिवायला घेतली. बूड, डावी बाजू, उजवी बाजू, असं सगळं जोडून, आत कापूस ठासून भरलेला. कोटाला खांदा बसवतात तशी ती त्यांनी सीटला बसवली. आता माप. सासूबाई अंगाला टेप लावू द्यायच्या नाहीत. “मी काय गिऱ्हाईक आहे?” म्हणायच्या. म्हणून मास्तरांनी कपाटातून जुनी मापवही काढली. मास्तरांच्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी आईला एक गरम कोट शिवला होता. त्याचं माप त्या वहीत होतं. तेच धरलं. रोज समोर बसून जेवणारी आई, पण शिंप्याचा विश्वास डोळ्यांवर नाही, वहीवर.

रविवारी सकाळी टप खाली केलं आणि आम्ही दोघांनी सासूबाईंना धरून वरून आत सोडलं. बसल्या. अगदी बूच बसतं तशा.

“घट्ट होतंय रे.”

“नवीन आहे, आई. वापरलं की सैल होईल.”

गिऱ्हाइकांना सांगायची सवय तोंडात बसलेली, दुसरं काय! टप वर चढवलं आणि गाडी गेली. मी तर घरीच राहिले. मला जागा कुठे होती? त्यामुळे पुढचं सगळं मास्तरांनी सांगितलेलं आहे. पण त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे नव्हते हे मलाच आता खरं वाटत नाही.

गाव आलं, गल्ली आली. सासूबाई म्हणाल्या, “हळू ने. आवाज करू नको.” पण ती गाडी हळू चालली की जास्तच आवाज करायची. फटफट, फटफट, मग एक दणका, पुन्हा फटफट. घरावरून गुपचूप जाणं तिला ठाऊकच नव्हतं. गल्लीतली सगळी दारं उघडली. त्यात मावशींचंही उघडलं.

मावशी पायरीवर उभ्या. अंगात स्वेटर, हाताने कठडा धरलेला. पूर्वी चांगल्या धिप्पाड होत्या. आता स्वेटरच काठीला वाळत घातल्यासारखा दिसत होता.

सासूबाई म्हणाल्या, “थांबव.”

मास्तरांनी थांबवली.

“दार उघड. मला उतरव.”

मास्तर सांगायचे, तेव्हा आईचा आवाज असा झाला होता की शपथ कसली आणि उंबरा कसला, त्यांनी धावत जाऊन दार उघडलं. टप मागे टाकलं. सासूबाईंनी एक पाय बाहेर काढला आणि अंगाला हिसका दिला. काही नाही. मास्तरांनी दोन्ही हात धरून ओढलं. काही नाही. गादीने त्यांना दोन्हीकडून अशी मिठी मारली होती की हलता येईना. शिरताना त्यांचं वजन उपयोगी पडलं, निघताना तेच आडवं आलं.

“अरे, जोर लाव की!”

“लावतोय, आई.”

“जेवत नाहीस का तू?”

इकडे मावशी एक एक पायरी उतरत फाटकापाशी आल्या. ताई आली, पण खाली उतरत नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. मान ताठ करून म्हणाल्या, “उतरायचं नव्हतं तर आलीस कशाला?”

“उतरता येत नाहीये गं!”

“का? अजून राग आहे?”

“राग कसला मेला, अडकलेय मी!”

मावशींनी वाकून बघितलं. आणि त्यांना जे हसू फुटलं! छातीवर हात दाबून, फाटकाला टेकून हसायला लागल्या. सून मागून ओरडत आली, “आई, हसू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय!” मावशी म्हणाल्या, “डॉक्टरांना म्हणावं या आणि बघा. ताई, अकरा वर्षं नुसती खातच होतीस का गं?”

“आणि तू काय उपास करत होतीस? काय ही दशा करून घेतलीस!” सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांच्या खिशात छोटी कात्री कायम असायची. ती काढून ते म्हणाले, “दोन मिनिटं थांबा, मी शिवण उसवतो.” पण तोवर मावशी गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत शिरल्या होत्या, मास्तरांच्या जागेवर. दार ओढून घेतलं. स्टिअरिंगचं चाक त्यांच्या पोटाशी, सासूबाईंचा दंड त्यांच्या दंडाला.

“मावशी, कात्री…”

“थांब!” दोघी एकदम म्हणाल्या. मग मावशी म्हणाल्या, “वारं लागतंय. ते छप्पर ओढ वर आणि तू जरा हिंडून ये.”

मास्तर सव्वा तास हिंडले. गल्लीतल्या लोकांच्या कोटांच्या कॉलरी बघत उभे राहिले, दुसरं करणार काय? गाडीच्या काचांवर आतून वाफ धरली. ठिगळांच्या टपाखाली काय चाललंय ते कोणाला दिसेना. एकदाच जोरात हॉर्न वाजला. मास्तर धावत गेले. काच दोन बोटं खाली झाली आणि मावशींचा आवाज आला, “कोपर लागलं. जा तू.”

शेवटी सासूबाईंनी हाक मारली, “ये रे, उसव आता.” मास्तरांनी दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि मुठीमुठीने कापूस बाहेर ओढला. कापूस गल्लीभर उडाला. सासूबाई मोकळ्या झाल्या. मावशींचा हात धरून पायऱ्या चढल्या आणि दारात येऊन थबकल्या.

“धाकटे, मी काय म्हटलं होतं, आठवतंय ना?”

“नावाची नाही म्हणाली होतीस. मग दुसरं काय नाव ठेवू तुझं?”

“आधी चहा टाक. नाव चहा पिताना ठेव.”

आणि आत गेल्या.

सोमवारी सासूबाई सकाळपासून दुकानात, फोनजवळच्या बाकावर बसून होत्या. गिऱ्हाइकं आली, मापं देऊन गेली, त्या उठल्या नाहीत. चार वाजता फोन वाजला. मास्तर उचलायला गेले तर त्यांनी हात धरला, आणि स्वतःही उचलेनात. मीच उचलला. सून रडत होती, पण कसं रडतेय ते पहिल्या हुंदक्यातच कळलं. मी सासूबाईंकडे बघून मान हलवली, की आहेत, आहेत. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि मास्तरांना म्हणाल्या, “रविवारपर्यंत गादी सैल शिव.”

मावशी त्यानंतर सहा वर्षं जगल्या. ती गाडी दर रविवारी त्यांच्या दारात उभी असायची. दुरुस्तीवाला म्हणायचा, आता तर तिची सुट्टीही गेली. मग मावशी गेल्या, दोन वर्षांनी सासूबाई, आणि मास्तरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाडी मुलाने कोणा हौशी माणसाला दिली. त्या माणसाने म्हणे तिला नवंकोरं टप घातलं. चांगलंच असेल, पण मी काही बघायला गेले नाही.

त्या सव्वा तासात दोघी काय बोलल्या हे मी सासूबाईंना पुष्कळदा विचारलं. एकदा म्हणाल्या, “आईचं बोललो. तिने कसं केलं, मला का येता आलं नाही. भांडलोसुद्धा. पण त्या गाडीत भांडून उठून जाता येत नाही गं.”

पुढे मावशींच्या घरी चांगली मोठी बैठकीची खोली असताना, काही मनातलं बोलायचं झालं की दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून पायऱ्या उतरायच्या आणि गाडीत जाऊन बसायच्या. मास्तर बाहेर उभे. मावशींच्या सुनेला वाटायचं की आत आपल्याच चहाड्या चालल्यात. तिने मला फोनवर विचारलं, “काय हो वहिनी, माझंच बोलत असतील ना?”

मी म्हटलं, “तुझंही बोलत असतील आणि माझंही. बोलू दे. तोवर आपण दोघी फोनवर त्यांचं बोलू.”