पाहण्याच्या कार्यक्रमातलं चुंबक

आधी चहा संपवा, मंग ऐका, नाही तं नाकातून येईन. माझ्यासारखा येडपट माणूस अख्ख्या अमरावतीत नसन. असलाच तं मले त्याचा पत्ता द्या गड्याहो, मी त्याच्याकडं रोज बसाले जाईन. तेवढीच सोबत.

आता माझं दुकान तुमाले माहीत आहे. कम्प्युटर दुरुस्तीचं. दिवसभर माणसं येतात, पण मले भेटाले कोण येते? "चालू होऊन नाही रायला," एवढं सांगतात आन् मशीन ठेवून जातात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेकरूबाळ नाही. घरी गेलं का भिंतीसंगं बोलाचं. म्हणून मी दुकानातच बसून राहाचो, आन् रिकाम्या हातानं बसवत नाही म्हणून मेलेल्या हार्ड डिस्का खोलाले लागलो.

तुमी कधी हार्ड डिस्कच्या आतलं चुंबक पायलं काय? बोटाएवढं असते, पण दोन चुंबकांच्या मधात बोट सापडलं तं माय आठवते. मी ते काढून टेबलाच्या वरच्या फळीले ठोकले. पेचकस, चिमटे, कात्री, सारं एका रांगेत लटकलं. मंग घरी चाकू लटकवले, चाव्या लटकवल्या. शेवटी एक चुंबक जुन्या घड्याळाच्या पट्ट्यात शिवलं आन् डाव्या मनगटावर बांधलं. लॅपटॉपचे स्क्रू मोहरीएवढे असतात, खाली पडले का गेले. आता सारे मनगटाले चिकटून राहात. इतकी सवय झाली, का आंघोळीलेही पट्टा काढाचं ध्यान राहात नव्हतं.

माझी मोठी ताई अकोल्याले राहाते. तिले माझं हे लटकवणं पाहून रडूच आलं. म्हणे, "सुधा, हे शहाण्या माणसाचं घर नाही रे. तुले माणूस पायजे."

मी नाही म्हटलं नाही. कसं म्हणू? खरंच पायजे होतं.

तिनं अचलपूरचं स्थळ आणलं. वंदनाबाई. नवरा वारलेला, भावाजवळ राहातात, फुलाची शेती आहे. ठरलं का आधी व्हिडिओवर बोलून घ्याचं. ताईनं बजावलं, दाढी कर, पूर्ण बाहीचा शर्ट घाल, आन् तोंड उघडून बोल. मी सारं केलं. शर्टाची बाही मनगटापावतर बटन लावून घातली. बाहीच्या आत काय होतं, ते तुमच्या ध्यानात आलंच असन. माझ्या आलं नाही.

लॅपटॉप समोर ठेवला. समोर बाई, बाजूले तिचे भाऊ. बाई साध्या, डोळे चांगले. पाऊसपाणी, संत्री, सारं झालं. मंग भाऊसाहेब म्हणाले, "राग मानू नका, पण इचारणं भाग आहे. तुमी दारू पिता काय?"

आता माझी खोड अशी, का कामाची गोष्ट निघाली का मी पुढं वाकतो आन् डावा हात समोर टेकवतो. टेकवला. लॅपटॉप गप. काळा ठिक्कर.

मी घाबरून हात उचलला, तो जागा झाला. परत फोन लावला, नेटवर्कले शिव्या घातल्या, माफी मागितली. भाऊसाहेब जरा बारीक नजरेनं पाहून रायले होते. म्हणाले, "बरं, तुमच्या मंडळी कशानं वारल्या?"

हे तं लयच कामाचं. मी पुढं वाकलो. परत अंधार.

तिसऱ्यांदा लावला तं बाई सोता बोलल्या. "एकटे राहून दिवसभर करता काय तुमी?" इतक्या मायेनं मले कोणी इचारलंच नव्हतं हो. मी दोन्ही हात टेकवले, आन् बाई गेल्या.

मंग तिकडून फोन उचललाच नाही. ताईचा आला. "दारूचं नाव काढलं का लॅपटॉप बंद करते? बायकोचं इचारलं का बंद करते? लोकं काय समजतीन?"

काय समजाचं ते समजले होते. संध्याकाळपावतर मी अकोल्यातही बेवडा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप चालू केला, हात टेकवला, तो गप. उचलला, सुरू. टेकवला, गप. तवा डोक्यात उजेड पडला. झाकण लावलं का लॅपटॉप झोपते, ते झाकणातल्या चुंबकानंच झोपते. उभी जिंदगी लोकायले हे शिकवलं मी, आन् माझ्याच मनगटावरचं मले समजलं नाही.

मी दुकान बंद केलं, लॅपटॉप घेतला आन् अचलपूरची एस्टी धरली. एवढं चांगलं माणूस हातचं जाऊ द्याचं नव्हतं.

वंदनाबाई अंगणात शेवंतीचे हार गुंफून रायल्या होत्या. मी खाटेवर लॅपटॉप मांडला, मनगट टेकवून दाखवलं. गप, सुरू, गप, सुरू. भाऊसाहेब पोट धरून हसले. दारू पीत नाही, बायको आजारानं गेली, सारं सांगितलं. फुलाच्या ढिगात बाईची सुई हरवली होती, ती मी पट्टा फिरवून काढून दिली. बाईही हसल्या. माझ्यामुळं कोणाले हसू येऊन किती दिवस झाले होते, मले आठवलं नाही.

निघालो, तं भाऊसाहेब मुद्दाम आत गेले. बाई फाटकापावतर आल्या. खाली पाहून म्हणाल्या, "आनखी काही सांगाचं रायलं काय?"

मी इचार केला. देवाशपथ, लय इचार केला. मंग म्हटलं, "हो. चुंबक एटीएम कार्डापाशी ठेवू नका. कार्ड खराब होते."

त्यायनं फाटकाची कडी काढून दिली. मंग म्हणाल्या, "माझ्यापाशी कार्डच नाही, भाऊ."

भाऊ. ते मले परतताना एस्टी वलगाव लोटल्यावर ऐकू आलं. बसमधूनच ताईले फोन लावला, सारं सांगितलं.

"बायको पाहाले गेला," ती म्हणाली, "आन् बहीण करून आला."

हसा, हसा. पुढल्या हप्त्यात अचलपूरहून फोन आला, राखीले नक्की या म्हणून. मी जाणार आहे. बोलावते कोण दुसरं?