पूजेतली वल्ही

"पोहता येते काय?"

नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो हे विचारायचा. "नाही" म्हणणाऱ्याला तरंगायला एक ट्यूब मिळे. "येते की!" म्हणून छाती काढणाऱ्याला तो दोन देई. कारण विचारलं की म्हणे, "न येनारा नाव सोडत नाई. येनारा सोडते, अन् मंग मढं काढाले आमाले गळ टाका लागते."

असा फटकळ माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, आणि माझ्यासारखंच त्याला मूर्ख ठरवलं असेल.

साठ सालच्या आसपास अमरावतीबाहेरच्या एका तलावावर गावातल्या वकील-डॉक्टरांनी नौकाविहाराचं मंडळ काढलं होतं. एक नाव, मोटारीच्या सहा ट्यूब, एक दोर आणि पाणी उपसायला तुपाचा रिकामा डबा. तो नावाडी, मी कारकून. नियमांची पाटी माझ्याच हातची: सहापेक्षा जास्त माणसं नकोत, ट्यूबशिवाय बसू नये, नावेत उभं राहू नये, नाव उलटलीच तर तिला धरून राहावं. मंडळातल्या एकाही विद्वानाने ती कधी वाचली नाही. वाचता न येणाऱ्या नावाड्याला मात्र ती तोंडपाठ होती.

एका डॉक्टरीणबाईंनी ट्यूब नाकारली. नव्या पातळाची इस्त्री मोडते म्हणाल्या. "पान्याले इस्तरी दिसत नाई, बाई," म्हणून त्याने वल्ही खाली ठेवली. बाई तशाच परत गेल्या. मंडळाच्या बैठकीत त्यावर तासभर चर्चा झाली, ती इस्त्रीवर.

मग दसरा आला. दसऱ्याला अवजारं पुजायची ही आपली रीत. गवंडी थापी पुजतो, शिंपी कात्री पुजतो. मंडळाने काय पुजावं? ट्यूब, दोर आणि डबा! राजापेठेतल्या कचेरीत पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. पूजेतलं अवजार त्या दिवशी उचलायचं नसतं. आणि नेमकी त्याच संध्याकाळी आमच्या अध्यक्षांना, म्हणजे वकीलसाहेबांना, पाहुण्यांसह नौकाविहाराची लहर आली.

"ट्यूबा कुठं हायेत?" नावाड्याने विचारलं.

"पूजेत आहेत," मी म्हणालो.

"मंग नावबी पूजेत."

वकीलसाहेब ओरडले, त्यांनी धमकावलं. त्याने दोन्ही वल्ही खांद्यावर घेतली, दोन मैल चालत राजापेठेत गेला आणि ती ट्यूबांशेजारी टेकवून मागोमाग आलेल्या आम्हाला म्हणाला, "घ्या, यायलेबी कुकू लावा."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बडतर्फीचा कागद लिहिला. माझं अक्षर चांगलं, त्याचा मला केवढा गर्व! अंगठा लावताना त्याने विचारलं, "काय लिवलं, बाबू?"

"उद्धट वर्तन."

"अन् ट्यूबायचं?"

"ते यात येत नाही."

पुढे तो त्याच तलावाच्या एका कोपऱ्यात शिंगाडे लावू लागला. जुन्या ट्यूबवर पोट टेकून पाण्यात फिरायचा आणि शिंगाडे तोडायचा.

पुढच्या दसऱ्याला ट्यूब पुन्हा पाटावर गेल्या. नवा नावाडी "जी हुजूर"वाला. सहाच्या नावेत आम्ही नऊ जण बसलो. त्यात मीही होतो. साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळालं म्हणून नुसता फुगलो होतो. ती पाटी लिहिणारा मी!

वकीलसाहेबांचे मेहुणे अकोल्याच्या जठारपेठेतून आले होते. वाटभर आपल्या पोहण्याच्या बढाया मारत होते. तलावाच्या मध्यावर त्यांना सोनं द्यायची आठवण झाली. आपट्याची पानं घेऊन ते उठले. वडीलधाऱ्यांना बसून कसं सोनं द्यायचं? त्यांना गळाभेट द्यायला वकीलसाहेबही उठले.

नाव उलटली.

मी पालथ्या नावेला घोरपडीसारखा चिकटलो. बाकीचेही चिकटले. मेहुणे तेवढे नाव सोडून काठाकडे पोहत निघाले. शिंगाड्यांच्या कोपऱ्यातून हाक आली, "नाव सोडू नका रे!" तो ट्यूबवर पडून हातांनी पाणी मारत येत होता. आमच्याकडे न बघता आधी मेहुण्यांकडेच वळला. पण पोहोचेपर्यंत ते खाली गेले होते.

आम्हा सगळ्यांना दोन-दोन करून त्याने काठावर आणलं. शेवटी मेहुण्यांना आणलं, धोतराने अंग झाकलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. मला हवंही होतं ते. त्याने एवढंच विचारलं, "बाबू, तुले पोहता येते काय?"

"नाही."

"म्हून वाचला."

मंडळाने ठराव केला, दैवगती. तोही माझ्याच सुवाच्य अक्षरात. मेहुण्यांच्या मरणात माझा हात आहे, हे मी कुठेच लिहिलं नाही. आज लिहितो आहे.

नावाड्याला परत बोलवायला मलाच पाठवलं. "ट्यूबायची पूजा बंद केली काय?" त्याने विचारलं. "नाही," मी म्हणालो. तो शिंगाडे सोलत राहिला. दोन हिवाळ्यांनंतर तापाने गेला. मंडळातलं कुणी त्याच्या दारी गेलं नाही.

मंडळ अजून आहे, आणि ट्यूबांची पूजाही आहे. पण दर दसऱ्याला सकाळी मी तलावावर जातो, वल्ही खांद्यावर टाकतो आणि दोन मैल चालत राजापेठेत आणतो. नवे सभासद हसतात. कारकुनाला वेड लागलं म्हणतात. मी वल्ही पाटाशेजारी टेकवतो आणि त्यांना सांगतो, "घ्या, यायलेबी कुकू लावा."