चाळणीची फ्रेम

आदल्या संध्याकाळीच वहिनीचा फोन आला होता. ‘‘वन्सं, येताना तुमच्या जुन्या बांगड्या आणा. फ्रेमला लावायच्यात.’’ मी डबा भरून पिशवीत ठेवला. सकाळी पुन्हा तिचंच नाव फोनवर दिसलं. म्हटलं, आता आणखी काय हवंय हिला? पण बोलत होता तिचा मुलगा प्रदीप. ‘‘आत्या, आई झोपेतच गेली...’’ पौडहून घोटावड्याला पोचेपर्यंत तो डबा मी मांडीवर धरून बसले होते. घरी का ठेवला नाही, मला सांगता येत नाही.

शालनवहिनी माझ्या थोरल्या दादाची बायको. रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा विकून त्यांनी नवं घर बांधलं, तेव्हा प्रदीपनं पुण्यातून फोटोच्या फ्रेमा आणून हॉलच्या भिंतीवर लावल्या. दुकानातल्या फ्रेमेत नमुन्याचा फोटो असतो ना, गोरी माणसं, गोरी पोरं, सगळी दात काढून हसणारी, तेच फोटो आत तसेच राहिले. मी विचारलं, ‘‘वहिनी, ही कोण गं?’’ तर म्हणाली, ‘‘पाव्हणे हायेत. लई हसत्यात बिचारे, ऱ्हाऊ द्या.’’ कित्येक महिने ते पाहुणे तिथेच मुक्कामाला होते.

मग तिलाच फ्रेमांचं वेड लागलं. मोडक्या सुपाची कड, गावात पाडलेल्या घराची छोटी खिडकी, कशाचीही ती फ्रेम करायची. दादा वैतागायचा, ‘‘घरात एक वस्तू जाग्यावर ऱ्हाऊ देशील का न्हाई?’’ फ्रेम निवडताना आधी माणूस बघायची. सुनेला बारीक काठाची साधी फ्रेम, कारण ‘‘तिला गर्दी सोसत न्हाई.’’ माझा फोटो तिनं आरशाच्या चौकटीत बसवला. ‘‘वन्सं, तुमाला आरसा सारखा लागतोय.’’ मी दोन दिवस फुगून बसले. पण तो फोटो काढ असं काही म्हटलं नाही, कारण दिसत होते मी बरी.

आमच्याकडे भिंतीवर फोटो लागायचा तो माणूस गेल्यावर, हार घालून, देवघराशेजारी. आई तेव्हा होती. हॉलची भिंत बघून ती कडाडली, ‘‘जित्या माणसांना भिंतीवर चढवतीस?’’ वहिनी शांतपणे म्हणाली, ‘‘मेल्यावर लावून काय उपेग? आत्ता बघू द्या की एकमेकांकडं.’’ आई पुढे त्याच भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायची, आणि स्वतःचा फोटो जरा वर घ्यायला लावायची.

वहिनीचा स्वतःचा फोटो पिठाच्या जुन्या चाळणीत होता. जाळी फाटलेली, ती काढून टाकली आणि कडेला गेटचा उरलेला निळा रंग दिला. फोटो भातलावणीचा. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड उघडं टाकून हसतेय. आणि तिच्यापुढे रोपांची मूठ धरलेला दादाचा हात. नुसता हात, दादा चौकटीबाहेर. तो कुरकुरला तर म्हणाली, ‘‘हात पुरं. तोंड तर रोजच बघती.’’

दहाव्याला फोटो हवा म्हणून प्रदीपनं तोच काढून पौडच्या एका स्टुडिओत दिला. त्याचा दोष नाही, सगळे असंच करतात. मोठी सोनेरी फ्रेम आली. वहिनीच्या अंगावर हिरवी रेशमी साडी, मागे निळं आकाश, गाल पिठासारखे पांढरे. मी बघतच राहिले... ही कोण बाई? दादानं चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘‘माझा हात कुटं हाय?’’

पुढचे कितीतरी दिवस तो त्या रिकाम्या चाळणीसमोर बसून असायचा. जेवायला चार हाका मारायला लागायच्या. मूळ फोटो परत मागायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि ज्या मोबाइलात तो काढला तो केव्हाच खराब झालेला. म्हणजे जगात तो एकच. शेवटी मीच म्हटलं, ‘‘दादा, ऊठ. जाऊन बघू.’’

स्टुडिओवाला म्हणाला, कचऱ्यात गेला असेल. मी म्हटलं, कचरा दाखवा. इतकी वर्षं पौडात राहून भांडण येतं मला. त्यानं निमूटपणे खोकं पुढे केलं, आणि लग्नामुंजीच्या ढिगात खाली तो सापडला. ओशाळून म्हणाला, ‘‘कोपरे कापले गेलेत, काका.’’ दादा फोटो छातीशी धरून म्हणाला, ‘‘असूंद्या. गोलातच बसवायचाय.’’ तिथे दुकानात मला रडू फुटलं. वहिनी गेल्याच्या दिवशीसुद्धा मी इतकी रडले नव्हते.

येताना मी मोगऱ्याचा हार घेतला. दादानं स्वतः फोटो चाळणीत बसवला, बाहीनं कड पुसली, खिळ्याला अडकवली. वहिनी परत हसायला लागली, समोर त्याचा हात. मी हार घेऊन पुढे झाले तर त्यानं अडवलं.

‘‘हितं हार न्हाई. तो त्या हिरव्या साडीवालीला घाल.’’

मग चाळणीची कड चाचपत म्हणाला, ‘‘तुझ्या बांगड्या हायेत का गं अजून? ह्याच चाळणीला लावणार हुती ती.’’

त्या दिवसापासून डबा माझ्या पिशवीतच होता.